नायट्याची साथ शोधताना

श्रावणात कोकणातल्या कुठल्याही घराच्या पडवीत शिरलं की आधी डोक्याला ओले कपडे लागतात. दोरी एकच आणि तिच्यावर सगळ्या घराचं सगळं: आजोबांचा पंचा, सुनेचा परकर, पोरांच्या शाळेच्या चड्ड्या, बंदरावरून आलेल्याची बनियन. दोन-दोन, तीन-तीन दिवस काही वाळत नाही. मग संध्याकाळी न्हाणीच्या चुलीवर धुरात धरायचे आणि दमट असतानाच अंगात चढवायचे. त्या कपड्यांच्या कोंदट वासासकट आम्ही वाढलो.

किनाऱ्यावरच्या आरोग्य केंद्रांत बरीच वर्षं काढल्यावर मला एक गोष्ट फार जाणवते. नायट्याने कोणी दगावत नाही, म्हणून तो कोणी मोजत नाही. साप्ताहिक अहवालात लक्ष असतं ते ताप, जुलाब, कावीळ यांच्याकडे, आणि ते बरोबरच आहे. पण रात्रभर जांघ खाजवत बसलेला माणूस सकाळी बोटीवर जातो, जाळी ओढतो, घामात-खाऱ्या पाण्यात ते पुन्हा चरचरतं. वर्ष-वर्ष असं चालतं. वाडीतल्या घराघरांत हे सुरू झालं तर ती साथच आहे, आणि ती कशी शोधायची याची रीत ठरलेली आहे.

आधी आजार समजून घेऊ. नायटा, गजकर्ण, दाद ही नावं वेगवेगळी, पण कारण एकाच कुळातली बुरशी. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. त्यात केराटिन नावाचं प्रथिन असतं, केसात आणि नखातही तेच. ही बुरशी ते केराटिन खाऊन जगते, जिवंत मांसात सहसा शिरत नाही. भाजावळीला, म्हणजे पेरणीआधी शेत भाजताना, कवळ (तोडलेल्या फांद्या-पाला) पेटवलं की जाळ कसा कडेकडेने पुढे सरकतो आणि मधे राख राहते, तसंच कातडीवर होतं. बुरशी बाहेरच्या अंगाला नवं खाद्य शोधत जाते, मधला भाग निवळतो. म्हणून चट्टा गोल दिसतो, कड लाल आणि उठावदार, तिच्यावर पापुद्रे. हे भाजावळीचं चित्र ध्यानात ठेवा, पुढे नमुना घेताना लागेल.

ती पसरते अंगाला अंग लागून आणि झडलेल्या पापुद्र्यांतून. पंचा, चादर, कंगवा, गमबूट यांना चिकटलेल्या पापुद्र्यात तिचे बीजाणू महिनोन्‌महिने जिवंत राहू शकतात. लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत बहुधा चार ते चौदा दिवस जातात. गुरांकडून, मांजराच्या पिल्लांकडून येणाऱ्या जातीही आहेत, त्यामुळे गोठ्याची चौकशी करावीच लागते.

तपासाचं पहिलं पाऊल म्हणजे शंका घेणं. जे सांगितलं जातंय ते खरंच नायटा आहे का? लावणीच्या दिवसांत बायकांच्या पायाच्या बोटांत चिखल्या होतात. त्यातल्या काही बुरशीच्या असतात, काही नुसतं कातडं भिजून कुजल्याने, काहींत जंतू शिरलेले. बोटांच्या बेचक्यात बारीक पुरळ आणि रात्री जास्त खाज असेल तर ती बहुतेक खरूज, म्हणजे किड्याचं काम. पाठीवर, मानेवर फिकट ठिपके असतील तर शिबं. तीही बुरशीच, पण वेगळी, आणि या पद्धतीने घरभर पसरत नाही. आणि एक फिकट किंवा लालसर चट्टा असा असतो जो खाजत नाही, उलट तिथे स्पर्शच कळत नाही. तो नायट्याच्या यादीत टाकून विसरून चालणार नाही. तो कुष्ठरोगाचा असू शकतो आणि त्याला लगेच योग्य ठिकाणी पाठवावं लागतं. सगळ्या खाजेला एकाच पोत्यात भरलं की पुढचा सगळा हिशोब चुकतो.

मग प्रश्न येतो, ही साथ आहे का? पावसात नायटा वाढणारच. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हवा ओलीच असते. म्हणून जुलैतल्या रुग्णांची तुलना एप्रिलशी करून उपयोग नाही. गेल्या दोन-तीन वर्षांच्या जुलैशी करायची. त्यासाठी बाह्यरुग्ण विभागाची जुनी रजिस्टरं काढून बसावं लागतं. अक्षर लागत नाही, कुठे नुसतंच ‘त्वचाविकार’ लिहिलेलं असतं. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही. आकडा वाढलेला दिसला तरी थांबायचं. मधे त्वचारोगाचं शिबिर झालं होतं का? नवे डॉक्टर आले आणि त्यांनी कपडे बाजूला करून तपासायला सुरुवात केली का? केंद्रात मलमाचा साठा आला आणि ही बातमी वाडीत गेली का? अशा वेळी रुग्ण वाढत नाहीत, दिसायला लागतात.

हे सगळं वजा करूनही आकडा जास्तच उरला, की रुग्ण कोणाला म्हणायचं ते लेखी ठरवायचं. म्हणजे असं: अमुक वाडीत राहणारी, १ जूननंतर अंगावर खाजणारा, कडेने वाढत जाणारा, पापुद्रे असलेला चट्टा आलेली व्यक्ती ही संशयित; तिच्या चट्ट्याच्या खरवडीत बुरशी सापडली तर निश्चित. नसता उपद्व्याप वाटतो, पण ही व्याख्या नसेल तर एक आशाताई चिखल्या मोजते, दुसरी मोजत नाही, आणि मग दोन वाड्यांतला फरक हा मोजणारीतला फरक असतो.

यानंतर घरोघर. आणि इथे सगळ्यात मोठी अडचण विज्ञानाची नसते, लाजेची असते.

ही बुरशी ओल आणि ऊब असेल तिथे घर करते: जांघेत, काखेत, छातीखाली, परकराची नाडी जिथे आवळते त्या कमरेच्या घेरात. ओटीवर चार माणसं बसलेली असताना ‘कोणाला खाज येते का’ असं विचारलं तर उत्तर नाहीच येणार. एका घरी असंच झालं. सगळ्यांनी माना हलवल्या, आम्ही उठलो. घरातली म्हातारी आशाताईच्या मागोमाग खळ्यापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, ‘खाजता गो बाय, पण सांगतलंय कोणाक?’ मागच्या पडवीत नेऊन बघितलं तर कमरेभोवती बोटभर रुंद, काळपट पट्टा, नाडीच्या रेषेत, पुढे पोटावर पसरलेला. तीन पावसाळे ती ते घेऊन वावरत होती. त्या घरात मग आणखी चौघे निघाले.

तेव्हापासून मी शिकले की बायकांना बाईने, आतल्या खोलीत, एकेकटीला विचारायचं. पुरुषांना आरोग्यसेवकाने बंदरावर, बाजूला घेऊन. आणि प्रश्न ‘आहे का’ असा नसतो, ‘कुठे आहे’ असा असतो.

प्रत्येक रुग्णाची एका ओळीत नोंद होते: वय, कोणतं घर, काम काय, कुठल्या भागावर, केव्हा सुरू झालं, घरात आणखी कोणाला, काय काय लावलं. यातलं ‘केव्हा’ सगळ्यात अवघड. तापाचा दिवस माणसाला आठवतो, नायट्याचा नाही. तारीख विचारली तर ‘झाले दोन-तीन महिने’ असं मोघम उत्तर येतं. पण लावणी उरकली होती का, नारळी पौर्णिमेच्या आधी की नंतर, गणपतीत आरतीला उभे होतात तेव्हा खाज होती का, असं विचारलं की बरोबर जागा सापडते. कोकणातला माणूस कॅलेंडरपेक्षा सणांनी दिवस मोजतो, आणि तपास करणाऱ्यालाही तसंच मोजावं लागतं.

या नोंदी आठवड्यावार मांडून आलेख काढला की साथ बोलू लागते. सगळे रुग्ण एका-दोन आठवड्यांत उसळलेले दिसले तर एखादा प्रसंग शोधायचा. टप्प्याटप्प्याने, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने चढ दिसला तर ती माणसाकडून माणसाकडे जाते आहे. मासेमारीच्या गावात या आलेखाखाली दोन गोष्टी लिहून ठेवते. महाराष्ट्रात यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. मग बोटी पुन्हा लागतात आणि खलाशी परत येतात. आणि भाद्रपदात चाकरमानी येतात, चार माणसांच्या घरात चौदा होतात, गोधड्या-चादरी वाटून घेतात. गणपतीनंतर पंधरा दिवसांनी रुग्ण वाढले असतील तर कारण त्या गर्दीत शोधायचं.

इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. आमच्या बंदरांवर, आंब्याच्या बागांत नेपाळहून आणि उत्तरेतून आलेली माणसं राबतात. साथ आली की पहिलं बोट त्यांच्याकडे जातं. आलेख काढून बघा. कित्येकदा पहिले चट्टे ती माणसं आपापल्या गावी गेलेली असतानाच्या महिन्यांतले असतात, म्हणजे जूनमधले, वाडीतल्याच घरातले. आणि खलाशांमध्ये खरंच जास्त असेल, तर दहा-बारा दिवस गोड्या पाण्याची आंघोळ नाही, झोपायला दोघांत एक गोधडी, हे त्याचं कारण असतं. तो माणूस कुठून आला हे नव्हे. दोष देऊन सुरुवात केली की ती माणसं लपतात, आणि लपली की साथ आटोक्यात येत नाही.

आता थोडा हिशोब, कारण संशय आणि पुरावा यांतला फरक इथेच कळतो. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत. समजा वाडीत ८० तरुण आहेत. त्यांतले ३२ जण एकमेकांचे पंचे वापरतात, ४८ जण नाही. पंचे वाटून घेणाऱ्या ३२ पैकी १६ जणांना नायटा, म्हणजे निम्म्यांना. न वाटणाऱ्या ४८ पैकी ६ जणांना, म्हणजे साडेबारा टक्के. पन्नास भागिले साडेबारा, चौपट. पंचा पकडला असं वाटतं.

पण थांबा. पंचे वाटतात ते बहुतेक कबड्डीचे खेळाडू. कबड्डीत अंगाला अंग घासतं, घामाने निथळलेली पकड असते. मग दोष पंच्याचा की पकडीचा? हे सोडवायला दोन गट वेगळे करायचे. समजा ३० खेळाडू आहेत. त्यांतले २० जण पंचे वाटतात, त्यांपैकी १२ जणांना नायटा, साठ टक्के. न वाटणारे १० खेळाडू, त्यांत दोघांना, वीस टक्के. आता न खेळणारे ५०. पंचे वाटणारे १२, त्यांत चौघांना, तेहतीस टक्के. न वाटणारे ३८, त्यांत चौघांना, साधारण साडेदहा टक्के. म्हणजे खेळाडूंत पाहा किंवा बाकीच्यांत, पंचा वाटणाऱ्यांना धोका तिपटीच्या आसपास आहेच. चौपटीचा तिप्पट झाला, कारण उरलेला वाटा कबड्डीचा होता. पंचे न वाटणाऱ्यांतही खेळाडू वीस टक्के आणि इतर साडेदहा, हे पाहा. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एवढी फोड केली नसती तर आपण पंचे वेगळे करायला सांगून निघून आलो असतो आणि खेळ तसाच चालू राहिला असता.

प्रत्यक्षात आकडे इतके लहान असतात की योगायोगानेही असा फरक दिसू शकतो. म्हणून संख्याशास्त्राच्या कसोट्या लावतात. त्यांच्या खोलात इथे जात नाही.

आता नमुना. आपण चट्ट्याची कड निवडतो, कारण जाळ तिथे आहे, मधे राख. आधी ती जागा स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची, तेल-पावडर जाऊ द्यायचं. मग बोथट पातं तिरकं धरून कडेवरून हलकेच ओढायचं. रक्त येता कामा नये. पांढरे, कोंड्यासारखे कण खाली धरलेल्या काळ्या कागदावर पडतात. कागद काळा, म्हणजे ते दिसतात. आणि कागदच, प्लास्टिकची पिशवी नाही, कारण पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि आत भलतेच जंतू माजतात. घडी घालून वर नाव आणि तारीख. रुग्णाने आदल्या दिवशीच मलम चोपडलं असेल तर नमुन्यात बरेचदा काही सापडत नाही, म्हणून तेही विचारून लिहायचं.

ही खरवड काचपट्टीवर ठेवून तिच्यावर दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. दहा-वीस मिनिटांत कातडीच्या पेशी विरघळतात, बुरशीचे तंतू विरघळत नाहीत. सूक्ष्मदर्शकात ते लांब, फाटे फुटलेले, मधे मधे पेरं असलेले दिसतात. तालुक्याच्या ठिकाणीही होऊ शकणारी तपासणी आहे, आणि पहिल्यांदा ते तंतू स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला आरोग्यसेवक पुढे खाजेला हसत नाही.

जात ओळखायची तर नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जातो. तिथे तो सबूरो माध्यमावर, म्हणजे बुरशीसाठी बनवलेल्या खाद्यावर, वाढवतात, ज्याला फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ रेमों सबूरो यांचं नाव आहे. बुरशी हळू वाढते. चार आठवडे वाट बघून मगच ‘काही उगवलं नाही’ असं म्हणतात. नेमकी जात सांगायला अलीकडे तिची जनुकंही वाचावी लागतात. याला कारण आहे.

गेल्या दहा-बारा वर्षांत भारतातला नायटा बदलला. पूर्वी आठवडा-दोन आठवडे मलम लावून जाणारा चट्टा आता महिनोन्‌महिने जात नाही, पसरतो, चेहऱ्यावरही येतो. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांतल्या अशा बुरशीला ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव दिलं. वर्षानुवर्षं भरवशाचं असलेलं टर्बिनाफिन हे औषध तिच्यातल्या अनेक वाणांवर चालत नाही. बुरशीच्या पेशीचं आवरण टिकायला अर्गोस्टेरॉल लागतं, चिऱ्याच्या भिंतीला चुना लागावा तसं. तो चुना कालवणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) टर्बिनाफिन अडवतं. या बुरशीत त्या विकराचा आकारच जरासा बदललेला असतो, औषधाला धरायला जागा मिळत नाही, आणि चुना कालवणं चालू राहतं. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने न्यूयॉर्कमधल्या अशा दोन रुग्ण स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. एक बांगलादेशात जाऊन आलेली, दुसरीने अलीकडे परदेश प्रवास केलाच नव्हता. ही दुसरी नोंद महत्त्वाची, कारण तिच्यावरून लागण तिथेच झाली असावी हे कळलं.

आता मी माझ्या यादीतल्या शेवटच्या रकान्याकडे येते: काय काय लावलं?

टाकळ्याचा पाला लावला असं सांगणारे भेटतात. पहिल्या पावसाची जी भाजी आपण खातो तोच टाकळा. संस्कृतात त्याला दद्रुघ्न असंही म्हणतात, दद्रू म्हणजे हाच नायटा. करंजेल लावणारे भेटतात. त्यांच्यावर ओरडायचं नाही, फक्त विचारायचं, अजून काय? मग फळीवरच्या डब्यातून, कॅलेंडरच्या मागून, उशीखालून ती ट्यूब निघते. अर्धी पिळलेली, नाव पुसलेलं. मुंबईहून येताना कोणीतरी आणलेली, किंवा दुकानात ‘खाजेवर काहीतरी द्या’ म्हणून मिळालेली. आत बुरशीचं औषध, जंतूंचं औषध, आणि त्यांच्या जोडीला जोरदार स्टेरॉइड.

स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते. माणसाला वाटतं गुण आला. खरं तर शरीराने बुरशीविरुद्ध उभी केलेली राखण स्टेरॉइडने झोपवलेली असते आणि बुरशी आरामात पसरत असते. ट्यूब थांबवली की आग दुप्पट उठते, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. चट्ट्याचा गोल आकार मोडतो, डॉक्टरलाही ओळखता येत नाही; अशा नायट्याला १९६८ मध्येच ‘ओळख लपवलेला’ या अर्थाचं लॅटिन नाव मिळालं होतं. जांघेतली कातडी पातळ होते, गर्भारपणानंतर पोटावर असतात तशा रेघा कायमच्या उमटतात. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या मांड्यांवर त्या रेघा पाहिल्या की फार वाईट वाटतं. त्या जात नाहीत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक स्टेरॉइड मलमांना डॉक्टरच्या चिठ्ठीचं बंधन घातलं, पण ट्यूब घराघरांत आहेच. म्हणून तपासात प्रत्येक ट्यूबचा फोटो काढते. वाडीत एकच नाव दहा घरांत सापडलं तर ते पंच्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि साथीच्या अहवालात ते पहिल्या पानावर जायला हवं.

कारण हाती आलं की करायचं काय ते बरंचसं घरातच आहे. घरातल्या सगळ्या बाधितांचे उपचार एकाच दिवशी सुरू करायचे, नाहीतर बरा झालेला पुन्हा त्याच चादरीतून घेतो. औषध कोणतं आणि किती आठवडे ते डॉक्टर ठरवतील. चट्टा दिसेनासा झाला म्हणून त्याच दिवशी थांबवायचं नाही. लहान मुलांच्या डोक्यात असेल तर नुसतं मलम केसांच्या मुळाशी पोचत नाही, पोटात औषध लागतं. बाधिताचे कपडे वेगळे ठेवायचे आणि साठ अंशांच्या पाण्यात, म्हणजे हाताला सोसवणार नाही इतक्या गरम पाण्यात धुवायचे. न्हाणीची चूल त्यासाठी आहेच. ऊन पडलं की आधी पंचे बाहेर. कबड्डीपटूंनी चट्टा बरा होईपर्यंत पकडीला उतरायचं नाही, हे मंडळाच्या कप्तानाने सांगितलं तर ऐकतात, मी सांगून नाही.

बोटीवरचं सगळ्यात कठीण. खलाशी औषध घेऊन गेला आणि चार दिवसांत विसरला, किंवा गोळ्या भिजल्या, असं होतं. म्हणून आता पूर्ण फेरीचं औषध घट्ट झाकणाच्या बरणीत घालून, प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी लावून, तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या म्होरक्याच्या, हातात देते. बर्फ, डिझेल आणि तांदूळ चढवताना ती बरणीही चढते. बोट परतली की आशाताई धक्क्यावर उभी असते आणि आधी बरणीतल्या उरलेल्या गोळ्या मोजते.